फुकट जाहिरातींच्या साइटवर पैसे मागायचे कोणाकडे?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: एका वाचकाची आणि त्यांच्या भागीदाराची छोट्या जाहिरातींची वेबसाइट आहे. वापरलेल्या गाड्या, भाड्याची घरं, नोकऱ्या, फर्निचर, मोबाइल असं सगळं तिच्यावर चालतं. साइट सुरू होऊन दोन वर्षं झाली. १२ शहरं, ४० विभाग, सुमारे ४,००० चालू जाहिराती आणि महिन्याला ३०,००० भेटी. जाहिरात टाकणं पूर्ण फुकट आहे. बॅनरमधून जे येतं त्यात सर्व्हरचं भाडं जेमतेम सुटतं. भागीदार म्हणतात, आता प्रत्येक जाहिरातीला थोडे पैसे लावू. पत्रलेखकांना भीती वाटते, की लोक दुसऱ्या फुकट साइटवर निघून जातील. पैसे भरून जाहिरात वर आणण्याची सोय आणि विक्रीवर कमिशन हे पर्यायही त्यांच्या डोक्यात आहेत. शिवाय एका कंपनीने जाहिरातदारांच्या फोन नंबरांची यादी विकत मागितली आहे, आणि ओळखीचे काही डीलर "आम्हाला कायमची सवलत द्या" म्हणताहेत. सुरुवात कुठून करावी, असं त्यांनी विचारलं आहे.

उत्तर:

तुमच्या आणि भागीदाराच्या वादात दोघांनीही एक गोष्ट न बोलता मान्य केली आहे: जाहिरात टाकणारे सगळे सारखेच, म्हणून पैसे घ्यायचे तर सगळ्यांकडून, नाहीतर कोणाकडूनच नाही. तसं नसतं. घर बदलताना जुनं कपाट काढणारा माणूस वर्ष-दोन वर्षांतून एकदा तुमच्याकडे येतो. कपाट गेलं तर बरं, नाही गेलं तर तो ते कोणाला तरी देऊन टाकतो. त्याच्यापुढे पैसे भरण्याचं पान आलं, की तो फॉर्म अर्ध्यावर सोडून जातो. ज्या डीलरच्या आवारात तीस गाड्या उभ्या आहेत त्याचं गणित निराळं. प्रत्येक उभ्या गाडीत त्याचे पैसे अडकलेले असतात आणि गाडीचा भाव महिन्यागणिक उतरत असतो. त्याला गिऱ्हाइकाचे फोन हवे असतात आणि त्यासाठी तो कुठे ना कुठे आधीपासून पैसे मोजतच असतो. घरांचे एजंट आणि माणसं भरणाऱ्या कंपन्याही याच गटातल्या.

या धंद्यातल्या जुन्या साइट्स पाहिल्या तरी हेच दिसतं. क्रेगलिस्ट १९९५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एक ईमेल यादी म्हणून सुरू झालं. घरातली जुनी वस्तू विकायला तिथे आजही पैसे पडत नाहीत. त्यांनी पैसे घेतले ते नोकरीच्या जाहिराती देणाऱ्यांकडून, न्यूयॉर्कमधल्या भाड्याच्या घरांच्या दलालांकडून आणि गाड्यांच्या डीलरांकडून. स्वतःची गाडी विकणाऱ्या खाजगी मालकाकडे ते वळले २०१९ मध्ये, म्हणजे बऱ्याच उशिरा. ब्रिटनचं ऑटो ट्रेडर १९७७ मध्ये छापील जाहिरातींचा अंक म्हणून निघालं, २०१३ मध्ये छपाई थांबवून पूर्ण ऑनलाइन झालं, आणि त्याची मुख्य मिळकत डीलरांच्या वर्गणीची आहे. तिथलंच राइटमूव्ह घरांच्या एजंटांच्या वर्गणीवर चालतं.

त्यामुळे फुकटच्या जाहिराती म्हणजे वाया जाणारं उत्पन्न, हा हिशेब आधी डोक्यातून काढा. खाजगी माणसाची गाडी पाहायला जो खरेदीदार येतो, तोच पुढच्या ओळीत डीलरची गाडी पाहतो. डीलर पैसे देतो ते त्या खरेदीदारासाठी. भागीदारांच्या म्हणण्याप्रमाणे सरसकट पैसे लावले तर सगळ्यात आधी हीच खाजगी जाहिरात नाहीशी होईल, तिच्यामागून खरेदीदार जातील, आणि मग डीलरला विकण्यासारखं तुमच्याकडे काही उरणार नाही.

पण डीलरकडे जाण्याआधी एक आकडा काढावा लागेल. तुमच्या पत्रात भेटींचा आकडा आहे, जाहिरातींचा आहे. जाहिरातींना प्रतिसाद किती येतो, याबद्दल अक्षर नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? जाहिरातीला फोन येत नसतील तर कुठलाही दर जास्तच वाटणार.

तो मोजायचा असा. विक्रेत्याचा फोन नंबर पानावर उघडा असेल तर तो "नंबर दाखवा" अशा बटणामागे न्या. याचे दोन फायदे. नंबर गोळा करत फिरणाऱ्या प्रोग्रॅमांना थोडा आळा बसतो, आणि प्रत्येक वेळी बटण दाबलं गेलं की जाहिरातीचा क्रमांक, वेळ आणि पाहणाऱ्याची ओळख (लॉगिन किंवा कुकी) तुम्हाला नोंदवता येते. चॅटमधला पहिला संदेश आणि व्हॉट्सअॅपच्या दुव्यावरचा क्लिक हेही त्याच तक्त्यात टाका. एकाच माणसाने एकाच जाहिरातीवर पाच वेळा दाबलं तर ती एकच चौकशी धरा. तासाभरात पन्नास नंबर उघडणारा खरेदीदार नसतो, तो वगळा. महिनाभर हे जमलं की पाहा: या काळात आलेल्या नव्या जाहिरातींपैकी किती टक्के जाहिरातींना पहिल्या ७ दिवसांत एक तरी खरी चौकशी आली? हा आकडा साऱ्या साइटचा एकत्र काढू नका, त्यातून काहीच कळत नाही. प्रत्येक शहरातल्या प्रत्येक विभागाचा वेगळा काढा.

जोडीला, जाहिरात काढून टाकताना एकच प्रश्न विचारा: "इथून विकलं गेलं", "दुसरीकडे विकलं गेलं", "विकायचं रद्द केलं". उत्तर द्यायची सक्ती नको. निम्म्यांनी उत्तर दिलं तरी पुढे डीलरशी बोलताना हाच आकडा तुमच्या हातात असेल.

माझा ठोकताळा सांगतो. जिथे दहापैकी पाचसुद्धा जाहिरातींना आठवड्यात चौकशी येत नाही, तिथे पैशाचा विषय काढू नये. जिथे सात किंवा त्याहून जास्त जाहिरातींना येते, तिथे बोलायला हरकत नाही. मधल्या पट्ट्यात आधी खरेदीदार वाढवा.

आता तुमच्याच आकड्यांकडे बघा. १२ शहरं गुणिले ४० विभाग म्हणजे ४८० खाने. ४,००० जाहिराती त्यात समान वाटल्या तर एका खान्यात सरासरी आठ येतात, एक पानही भरत नाही. प्रत्यक्षात त्या समान वाटलेल्या नसणारच. एखाद्या शहरात गाड्यांच्या तीनशे असतील आणि कित्येक खान्यांत एकही नसेल. "वाद्यं" या विभागात शिरून "काहीही सापडलं नाही" वाचलेला माणूस परत येत नाही. ४० विभागांचे १२ ते १५ करा, रिकाम्या पानांवर शेजारच्या शहरातल्या जाहिराती दाखवा, आणि जी पानं तरीही रिकामी राहतील ती सर्च इंजिनला नोंदवू देऊ नका. अशी शेकडो रिकामी पानं शोधात गेली की चांगल्या पानांकडेही दुर्लक्ष होतं. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्यातून लगेच एक पैसाही मिळत नाही, म्हणून बहुतेक जण ते टाळतात आणि थेट दरपत्रक बनवायला बसतात.

पैसे भरून जाहिरात वर आणण्याची कल्पना चांगली आहे, पण ती कुठे चालते हे याच हिशेबातून कळतं. समजा एका पानावर २० जाहिराती दिसतात. ज्या खान्यात रोज १० नव्या जाहिराती येतात, तिथे तुमची जाहिरात दोन दिवसांत पहिल्या पानावरून खाली जाते. तिथे वर आणण्याला किंमत आहे. ज्या खान्यात आठवड्याला तीन येतात, तिथे ती दीड महिना पहिल्याच पानावर राहणार. तिथे "वर आणा" विकणं म्हणजे काहीच न देता पैसे घेणं, आणि विक्रेत्याला ते पहिल्याच वेळी कळतं. म्हणून नियम सोपा ठेवा: नवी जाहिरात तीन दिवसांच्या आत पहिल्या पानावरून घसरते, अशाच खान्यांत हे बटण दिसू द्या. बाकी ठिकाणी ते नकोच. आज तुमच्याकडे असे खाने कदाचित पाच-सहाच निघतील. निघू द्या.

या सोयीचेही दोन प्रकार आहेत आणि ते वेगळे ठेवायला हवेत. एकात जाहिरातीची तारीख नवी होते आणि ती नेहमीच्या यादीत वर जाऊन पुन्हा हळूहळू खाली सरकते. दुसऱ्यात यादीच्या डोक्यावर ठरावीक दिवसांसाठी राखीव जागा मिळते. पहिला प्रकार कितीही विकला तरी यादी बिघडत नाही, कारण ती पुढे वाहत राहते. दुसऱ्याला मर्यादा घालावीच लागते. २० जाहिरातींच्या पानावर राखीव जागा तीनच ठेवा, त्यावर "प्रायोजित" असं स्पष्ट लिहा, आणि घेणारे नऊ असतील तर पान उघडताना आळीपाळीने दाखवा. नवाचे तीस झाले की जागा वाढवू नका, दर वाढवा. ज्या साइटवर पहिली पंधरा नावं पैसे भरून आलेली असतात, तिथे खरेदीदार सरळ पान खाली सरकवायला शिकतो, आणि पैसे भरणाऱ्याला पाहणारा कोणी उरत नाही.

हे विकायचं कधी, यालाही महत्त्व आहे. बहुतेक साइट्स जाहिरात प्रसिद्ध झाल्याझाल्या विचारतात. त्या क्षणी विक्रेत्याला वाटत असतं, की उद्याच विकलं जाईल. तो "नको" दाबतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी विचारा, पण आधी जाहिरात किती जणांनी पाहिली ते तपासा. पाहणारेच कमी असतील तर वर आणल्याने फरक पडेल. दोनशे जणांनी पाहूनही एकाने नंबर उघडला नसेल, तर अडचण जागेची नाही. फोटो अंधारात काढलेला आहे, किंमत जास्त आहे, किंवा गाडीचं वर्ष लिहिलेलंच नाही. अशा वेळी पैसे न मागता "दोन फोटो वाढवा, किती किलोमीटर चालली ते लिहा" एवढंच सांगणारा संदेश पाठवा. हा माणूस पुढच्या वेळी तुमच्याकडेच येईल.

रक्कम भरून घेण्याबद्दलही थोडं. पेमेंट गेटवे, म्हणजे ऑनलाइन पैसे भरून घेणारी सेवा, बहुतेकदा टक्केवारीसोबत दर व्यवहाराला एक ठरावीक आकारही घेतं. दर लहान असेल तर तो आकारच निम्मी कमाई खातो. म्हणून एक-एक न विकता पाच किंवा दहांचं पॅकेज ठेवा. मात्र न वापरलेली पॅकेजेस म्हणजे तुमची कमाई नाही, ती तुमच्याकडची देणी आहेत. हिशेबात ती वेगळ्या रकान्यात दाखवा. मुदत किती आणि परतावा कधी, हे पैसे घेण्याआधीच पानावर असू द्या.

आता मुख्य कमाईकडे, म्हणजे धंदा म्हणून जाहिरात देणाऱ्यांकडे. ते तुमच्याकडे आधीपासून आहेत, फक्त खाजगी माणसाच्या रूपात. त्यांना ओळखण्यासाठी गेल्या ९० दिवसांतल्या जाहिराती फोन नंबरानुसार लावा. एकाच नंबरावर गाड्यांच्या पाचहून जास्त जाहिराती असतील तर तो बहुधा डीलर आहे. काही जण तीन-चार नंबर वापरतात. त्यांचे फोटो पकडून देतात: पाठीमागे तीच भिंत, तेच फाटक, कोपऱ्यात तोच शिक्का. फोटोंचा ठसा काढून जुळवणारी तयार साधनं मिळतात, पण सुरुवातीला डोळ्यांनी पाहिलं तरी पुरतं. वर्णनंही बघा. "सिंगल ओनर, एकदम कंडिशन, लोनची सोय" हेच शब्द अकरा जाहिरातींत आले तर अकरा मालक नाहीत.

यादी हाती आली की लगेच बंदी घालू नका. त्यातल्या वीस जणांना फोन करा आणि विचारा: आठवड्याला आमच्याकडून किती फोन येतात? त्यातून गाडी कधी गेली का? जाहिराती टाकायला कोण बसतं, किती वेळ जातो? या तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरातच तुमचं पॅकेज दडलेलं असतं. बहुतेक डीलरांकडे एखादा मुलगा बसून एकच माहिती तीन-चार साइटवर हाताने भरत असतो. एक्सेल किंवा सीएसव्ही फाइल टाकली की सगळ्या गाड्या एकदम चढाव्यात, विकलेली गाडी फाइलमधून गेली की इथूनही जावी, एवढ्यासाठीसुद्धा ते पैसे देतात. त्यात दुकानाचं स्वतंत्र पान, दोन-तीन माणसांचे लॉगिन आणि महिन्याचा अहवाल जोडा.

दर जाहिरातीगणिक लावण्यापेक्षा एका वेळी किती जाहिराती चालू ठेवता येतील, त्यावर लावा: १० जागा, ३० जागा, १०० जागा. जाहिरातीगणिक पैसे घेतले की डीलर विकलेली गाडीही काढत नाही, कारण तिच्यावर पैसे भरलेले असतात. खरेदीदार फोन करतो, "ती गेली, पण दुसरी आहे" असं ऐकतो, आणि असं तीनदा झालं की तुमची साइट उघडणं सोडतो. जागांचा हिशेब ठेवला तर विकलेली गाडी काढण्यात डीलरचाच फायदा होतो, कारण त्या जागी नवी लावता येते. खाजगी माणसाला मात्र तीन जाहिरातींपर्यंत फुकट चालू द्या. ही मर्यादा विभागानुसार ठरवा: गाड्यांत तीन पुरे, पुस्तकांत किंवा मुलांच्या कपड्यांत तीस फुकट ठेवल्या तरी बिघडत नाही.

पहिला महिना फुकट द्या, पण फुकट कोणत्या तारखेला संपतं आणि त्यानंतरचा दर किती, हे पहिल्याच दिवशी लेखी कळवा. आणि बिल पाठवण्याआधी अहवाल पाठवा: तुमच्या २२ गाड्या, इतक्या जणांनी पाहिल्या, इतक्यांनी नंबर उघडला, सगळ्यात जास्त चौकशी या गाडीला. नुसतं बिल गेलं तर डीलर विचारतो, "तुमच्याकडून काय आलं?" त्याच्याकडे येणारे फोन कुठून आले हे त्यालाही ठाऊक नसतं, त्यामुळे तो "काही नाही" असंच धरून चालतो.

काही जण तुम्हाला चौकशीगणिक पैसे घ्यायला सुचवतील. ऐकायला हे न्याय्य वाटतं, प्रत्यक्षात दर महिन्याला भांडण होतं: हा फोन आधीच आलेल्या गिऱ्हाइकाचा होता, तो नुसता भाव विचारत होता, हा तर चुकून लागला. करायचंच असेल तर व्याख्या आधी ठरवा. एकाच खरेदीदाराचा नंबर ३० दिवसांत पुन्हा मोजायचा नाही, ३० सेकंदांहून छोटा कॉल धरायचा नाही, तक्रार सात दिवसांत करायची. कॉल मोजायचे तर मधला नंबर (ज्यावर आलेला फोन डीलरकडे वळतो) लावावा लागतो, आणि त्याचं भाडं तुमच्याच खिशातून जातं. आजच्या आकाराला मी हे सुचवणार नाही.

नोकरीच्या विभागात पैसे कंपनीकडून घ्या, नोकरी शोधणाऱ्याकडून कधीही नाही. "नोंदणी शुल्क भरा, मग मुलाखत" ही फसवणुकीची ठरलेली पद्धत आहे. तुम्ही स्वतःच उमेदवाराकडून पैसे घेऊ लागलात, तर खरं काय आणि खोटं काय हे त्याने कसं ओळखायचं?

विक्रीवरचं कमिशन तुमच्या साइटवर सध्या चालणार नाही. दोघं फोनवर बोलतात, भेटतात, पैसे हातोहात देतात. व्यवहार झाला की नाही हेच तुम्हाला कळत नाही. कमिशन लावलं की दोघं मिळून तुम्हाला टाळतील, आणि त्यांना थांबवायला नंबर लपवले तर मोठ्या वस्तूंचे सौदे बसणार नाहीत, कारण घर किंवा गाडी कोणी न बोलता घेत नाही. कमिशन जमतं ते पैसे, पाठवणी आणि तक्रार तिन्ही गोष्टी साइटने अंगावर घेतल्या तर. वापरलेल्या कपड्यांची व्हिंटेड ही साइट हेच करते, आणि तिथेही शुल्क खरेदीदार देतो, वस्तू हाती येईपर्यंत पैसे राखून ठेवण्याच्या बदल्यात. विकणाऱ्याला फुकट असतं. त्यासाठी कुरिअरशी करार, परताव्याचा विभाग आणि दुसऱ्यांचे पैसे सांभाळण्यासाठी लागणारी कायदेशीर परवानगी किंवा तसा परवाना असलेला भागीदार लागतो. दोन माणसांनी यात इतक्यात पडू नये.

बॅनरचं गणित छोटं आहे. पानं भागिले हजार, गुणिले हजार पानांमागचा दर. तुमच्या ३०,००० भेटींत प्रत्येकी चार पानं धरली तर १,२०,००० पानं, म्हणजे त्या दराच्या १२० पट. डीलरची मासिक वर्गणी त्या दराच्या फक्त दहापट ठेवली, तरी बारा डीलरांत तुमची आजची सगळी बॅनरची कमाई भरून निघते. मग डीलरच्या गाडीशेजारी त्याच्याच स्पर्धकाचं बॅनर कशाला हवं? वर्गणीदारांच्या पानांवरून बॅनर काढा. "नंबर दाखवा" बटणाजवळ तर ते कुठेच नको. चुकून पडणारे क्लिक गूगलच्या अॅडसेन्सच्या (साइटवर बॅनर पुरवणाऱ्या सेवेच्या) धोरणात बसत नाहीत, आणि खातं बंद झालं की जमलेली रक्कमही अडकू शकते. लोकांनी टाकलेल्या मजकुराची जबाबदारीही अॅडसेन्स तुमच्यावरच टाकतं, त्यामुळे नको त्या जाहिरातीशेजारी बॅनर दिसलं तर नोटीस तुम्हाला येते.

फोन नंबरांची यादी विकू नका. लोकांनी नंबर दिला तो कपाट विकायला, विम्याचे फोन घ्यायला नाही. युरोपात २०१८ पासून लागू असलेला जीडीपीआर हा डेटा संरक्षणाचा कायदा आणि भारताचा २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा दोन्ही दिलेल्या संमतीच्या पलीकडच्या वापराविरुद्ध आहेत. कायदा बाजूला ठेवला तरी, जाहिरात टाकल्यावर नको ते फोन सुरू झाले हे विक्रेत्याच्या लगेच लक्षात येतं, आणि तो चार जणांना सांगतो. त्या कंपनीला उलट प्रस्ताव द्या. त्यांचा विषय गाड्यांशी जुळत असेल तर गाडीच्या पानावर, किमतीखाली "तपासणी करून घ्या" किंवा "कर्जाचा हप्ता पाहा" असं बटण; ज्याला हवं तो स्वतः दाबेल, आपला नंबर स्वतः भरेल, आणि कंपनी तुम्हाला अशा प्रत्येक अर्जाचे पैसे देईल. असा अर्ज हजार अनोळखी नंबरांपेक्षा त्यांच्याही जास्त कामाचा असतो.

पैसे सुरू झाले की फसवणूकही नव्या वाटेने येते. भागीदार कदाचित म्हणतील, शुल्क लावलं की भामटे पळतील. किरकोळ कचरा टाकणारे पळतात, हे खरं. मुरलेला भामटा मात्र राखीव जागाच विकत घेतो, कारण वरच्या जाहिरातीवर लोक जास्त विश्वास ठेवतात, आणि पैसे भरतो चोरीच्या कार्डाने. महिन्याभराने बँक ते पैसे परत मागते, वर दंड लावते. म्हणून पैसे भरलेली जाहिरात आपोआप वर जाऊ देऊ नका. नव्या खात्याची पहिली सशुल्क जाहिरात माणसाने पाहूनच सोडा, तीन-चार तास उशीर झाला तरी चालेल. बाजारभावाच्या निम्म्या किमतीची गाडी, "मी बाहेरगावी आहे, कुरिअरने पाठवतो", आगाऊ रकमेची मागणी, दुसऱ्या साइटवरून उचललेला फोटो: यातल्या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की थांबवा.

मुदतीबद्दल: फुकट जाहिरात ३० दिवस, २५ व्या दिवशी "अजून आहे / विकलं" असा एका क्लिकचा संदेश. उत्तर नाही आलं तर ३० व्या दिवशी ती उतरवा. हे सुरू केलं की तुमच्या ४,००० मधल्या बऱ्याच गळतील. आकडा घटलेला पाहून दचकू नका. उरतील त्या जिवंत असतील आणि प्रतिसादाची टक्केवारी वाढेल.

सुरुवात कुठून, याचं उत्तर आता देता येतं. सगळ्यात जास्त प्रतिसादाचं एक शहर आणि त्यातला एकच विभाग घ्या, बहुधा गाड्या. तिथेच डीलर पॅकेज आणि वर आणण्याची सोय आठ आठवडे चालवा. तेवढ्याच आकाराचं दुसरं शहर जसंच्या तसं फुकट ठेवा आणि दोन्हीकडच्या नव्या जाहिराती, चौकश्या आणि चौकशी करणारी वेगवेगळी माणसं दर आठवड्याला शेजारी लिहा. पैशाच्या शहरात जाहिराती थोड्या घटल्या पण चौकशी करणारी माणसं तेवढीच राहिली, तर काळजी नाही. बहुतेक करून डीलरांच्या दुहेरी नोंदी गेलेल्या असतात. चौकशी करणारी माणसंच लागोपाठ तीन आठवडे घटली तर मात्र खाजगी मर्यादा तीनवरून पाच करा आणि पुन्हा बघा. डीलरांपैकी किती जण दुसऱ्या महिन्याचे पैसे आपणहून भरतात, हा आकडा पहिल्या महिन्याच्या कमाईपेक्षा जास्त सांगतो.

राहिली ओळखीच्या डीलरांची कायमची सवलत. "कायमची" देऊ नका. पहिल्या दहा जणांना बारा महिने निम्मा दर द्या, लेखी, अखेरच्या तारखेसह. बदल्यात त्यांच्याकडून दोन गोष्टी मागा: विकलेली गाडी २४ तासांत उतरवायची, आणि साइटवरून आलेल्या गिऱ्हाइकाने गाडी घेतली की तुम्हाला एक संदेश टाकायचा. बारा महिन्यांनी त्यांना पूर्ण दर सांगताना हेच संदेश मोजून त्यांच्यापुढे ठेवता येतील.